सरावातले अस्वल

मित्रांनो, माझ्याकडे पाहून हसू आले तर खुशाल हसा. मला त्याची सवय आहे. मी अस्वल नाही. अस्वलाचा पोशाख आहे, आणि आता बराच विटलो आहे. ही गोष्ट सांगायला मी योग्य आहे की नाही, याची मला खात्री वाटत नाही. पण जे घडले ते मी फार जवळून पाहिले. ज्यांनी लांबून पाहिले ते इतके बोलले, की शेवटी वाटले, आपणही दोन शब्द बोलावेत.

उत्तरेकडच्या आमच्या सफरचंदांच्या गावात नगरपालिकेचे एक लहानसे प्राणिसंग्रहालय आहे. मला तिथे तिकीटखिडकीवरच्या तोमे-सान यांनी शिवले. आमच्याकडे नावाला आदराने 'सान' जोडतात. हिवाळ्यात पाय शेकायच्या मेजावर घालतात तशी एक जाड तपकिरी रजई त्यांच्या घरी जुनी झाली होती. तिचे माझे अंग झाले. बांबूच्या टोपलीवर कागदाचा लगदा थापून डोके केले, ओव्हरकोटच्या दोन बटणांचे डोळे झाले आणि छातीवर पांढऱ्या टॉवेलची चंद्रकोर शिवली. सगळे झाल्यावर त्या मला दूर धरून म्हणाल्या, "अस्वल झालंय की भाजलेलं रताळं?"

माझे काम वर्षातून एकच दिवस असे. आपल्याकडे प्राणी पिंजऱ्यातून सुटला तर काय करायचे, याचा दरवर्षी सराव होतो. त्या दिवशी अस्वलाची देखभाल करणारे ओइकावा-सान मला अंगात घालत आणि सुटलेले अस्वल होत. बाकीचे कर्मचारी जाळी धरून मागे धावत. सावागुची डॉक्टर प्राण्यांच्या डॉक्टर होत्या. त्या भुलीच्या बंदुकीतून सुई मारत. सुई लागली की ओइकावा-सान छातीवर पंजा ठेवून एक गिरकी घेत आणि पाय वर करून धाडकन पडत. मुले टाळ्या पिटत. मग ते उठत, माझे डोके काढून कमरेत वाकून नमस्कार करत. संध्याकाळी सगळे टीव्हीवर दिसे. उरलेले वर्ष मी संग्रहालयाच्या वाचनखोलीत कपाटावर बसून असे. खाली मुले चित्रांची पुस्तके वाचत आणि मीही वरून जमेल तेवढे वाचत असे.

ओइकावा-सान फार कमी बोलत. पण माझ्या आत शिरले की वेगळेच होत. खरे तर ते कुरुमीची नक्कल करत. कुरुमी आमची खरी अस्वलीण. तिची आई शेतात शिरली म्हणून मारली गेली, तेव्हा हे पिल्लू त्यांनी घरी नेऊन बाटलीने वाढवले होते. अक्रोड फार खायची, म्हणून नाव कुरुमी, म्हणजे अक्रोड. त्यांची बादली वाजली की ती आवाराच्या कोपऱ्यातून उठून भिंतीपाशी यायची आणि नाकाने फुर्र करायची.

त्या वर्षी सराव मे महिन्यात होता. सफरचंदांना फुले आली होती आणि गर्दीही खूप होती. भोंग्यावरून एक तरुण कारकून सारखा सांगत होता, "हा सराव आहे. कृपया घाबरू नका. हा सराव आहे." सुई लागली, गिरकी झाली, आम्ही पडलो. सगळ्यांचे फोन आमच्याकडे वळले होते. गर्दीत चार वर्षांची कोहारू नावाची एक मुलगी होती. तिला माझी भीती वाटली होती, हे नंतर कळले. आई फोन उंच धरून आम्हाला टिपत होती. तेवढ्यात कोहारू माझ्यापासून दूर पळाली, अस्वलाच्या आवाराच्या कठड्यापाशी गेली आणि दोन गजांमधून घसरून खाली पडली.

आईची किंकाळी आली. "कोहारू! अहो, माझी मुलगी आत पडली! अस्वलापाशी!"

आणि मित्रांनो, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"वा! या वर्षी आईसुद्धा ठेवलीय!" कोणीतरी म्हणाले.

"रडते काय झकास! टीव्हीवाली असणार."

भोंगा म्हणाला, "हा सराव आहे. कृपया घाबरू नका."

आम्ही अजून पाय वर करून पडलो होतो. तेवढ्यात फुर्र असा आवाज आला. ओइकावा-सान यांचे अंग माझ्या आत एकदम ताठ झाले. ते उठून धावत सुटले, तशी गर्दी आणखी हसली. "अरे, मेलेलं अस्वल पळालं!" कठड्यापाशी पोचल्यावर त्यांनी माझे डोके उपटून फेकले. ते गडगडत गजांना जाऊन टेकले. त्यामुळे पुढचे सगळे मला अगदी समोर दिसले. दिसले नसते तर बरे झाले असते, असे अनेकदा वाटते.

कोहारू खाली पेंढ्यावर बसली होती. कुरुमी तिच्यावर वाकून तिचे केस हुंगत होती.

"कुरुमी," ओइकावा-सान हळूच म्हणाले. "ये. इकडे ये, बाळ."

तिने मान वर केली आणि ती भिंतीकडे यायला निघाली. अजून थोडी आली असती, तर कदाचित ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण तेवढ्यात लोकांना कळले की हे खरे आहे. सगळे एकदम ओरडले, कठड्याकडे लोटले, कोणी छत्री फेकली. कुरुमी दचकून मागे फिरली. तिने मुलीच्या जाकिटाची टोपी तोंडात धरली आणि तिला फरफटत कोपऱ्यात नेले. मुलीचे रडणे बंद झाले.

सावागुची डॉक्टर धावत आल्या. हातात भुलीची बंदूक होती. "ओइकावा-सान, हिच्यात नुसतं पाणी आहे. सरावाचंच. भरून आणू?"

"भरलीस तर?"

"झोपायला दहा मिनिटं तरी लागतील. आणि टोचलं की आधी चवताळेल."

ओइकावा-सान यांनी खाली पाहिले. माझे रजईचे पंजे त्यांच्या हातांवर तसेच होते आणि ते कठडा घट्ट धरून होते. "गाडीतली आण," ते म्हणाले.

खरी बंदूक सरावाच्या दिवशी नियमाप्रमाणे गाडीत कुलूपबंद असे. ती कधीच बाहेर निघाली नव्हती. डॉक्टर तिच्यासाठी गेल्या तेव्हा ओइकावा-सान बोलत राहिले, अगदी साध्या आवाजात, रोज बादली घेऊन आल्यावर बोलत तसे. कुरुमीने टोपी सोडली. मुलगी हलली, रांगू लागली. कुरुमीने तिच्या पाठीवर पंजा ठेवून तिला खाली दाबले. तो पंजा राखण करणारा होता की मारणारा, हे मला त्या दिवशी कळले नाही आणि आजही सांगता येणार नाही. मी नुसता पोशाख आहे. पण त्या पंजाखाली मुलीचे जाकीट फाटताना मी पाहिले.

डॉक्टर परत आल्या आणि त्यांनी खरी बंदूक कठड्यावर टेकवली. "ओइकावा-सान, ती शांत झालीय. तुमचं ऐकतेय."

"म्हणूनच आत्ता," ते म्हणाले. मग त्यांनी नेहमीसारखी हाक मारली, "कुरुमी!"

तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. डोके मुलीपासून दूर झाले होते. डॉक्टरांनी गोळी झाडली.

कोहारू वाचली. खांद्याजवळचे हाड मोडले होते आणि पाठीवर ओरखडे होते, एवढेच. पण दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झाले, त्याला शेवटच नव्हता. आवारासमोर फुलांसाठी मेज मांडले होते. त्यावर शेवंती, सफरचंदे, अक्रोडांच्या पिशव्या यांचा ढीग झाला. फोन थांबत नव्हते. वाचनखोलीचे दार उघडे असले की तोमे-सान यांचा आवाज मला कपाटावर ऐकू येई.

"हो, ऐकतेय. हो, बिचारी होती. आपण कुठून बोलताय? टोकियोहून. बरं. तिथं तुमच्या परसात अस्वल येतं का हो? नाही, मी उद्धट नाही. मी तिकीटवाली आहे."

काही लोक उलट बोलत. मेजापाशी सफरचंदांचा एक बागवाला फुले ठेवणाऱ्यांवर खेकसला, "अस्वलासाठी रडताय! पोरगी गेली असती तर तिच्यासाठी आला असता का एवढी फुलं घेऊन?" फुले ठेवणारी एक बाई म्हणाली, "त्या आईलाच टाकायला हवं होतं आत. फोन घेऊन!" आईचे नाव, घर, नोकरीची जागा लोकांनी शोधून काढली होती.

सगळ्यात जास्त दाखवली गेली ती दोन दृश्ये, शेजारी शेजारी. एकात मी सुई लागताच गिरकी घेऊन पडतो. दुसऱ्यात कुरुमीला गोळी लागते. टीव्हीवर टाय घातलेले एक गृहस्थ विचारत, "एका सुईत अस्वल पडतं, हे त्यांनीच आपल्याला दरवर्षी दाखवलं. मग त्या दिवशी सुई का नाही मारली?" ओइकावा-सान यांना कोणी हे विचारले की ते मान खाली घालत. डॉक्टरांनी एकदा सांगायला तोंड उघडले, तर समोरचा म्हणाला, "आता सबबी सांगू नका, बाई."

एके सकाळी कोहारूची आई आली. कापडात बांधलेला मिठाईचा डबा दोन्ही हातांत होता. क्षमा मागायला जाताना नेतात, तसा. फुलांच्या मेजापुढे ती इतकी वाकली की कपाळ जमिनीला लागले. रांगेतून कोणीतरी म्हणाले, "फार लवकर आलात!" ओइकावा-सान बाहेर आले, तिला उठवून वाचनखोलीत घेऊन आले आणि दार लावले.

"तुमच्या लेकीसारखी होती ती," आई म्हणाली. "माझ्यामुळे..."

"कोहारू जेवते का?"

"जेवते."

"झोपते?"

तिने डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "रोज विचारते, अस्वल कधी उठणार. मी म्हटलं, नाही उठणार. तर म्हणते, दुसरं अस्वल पडलं होतं, ते उठलं ना? मग हे का नाही? मला उत्तरच देता येत नाही हो, ओइकावा-सान."

ओइकावा-सान यांनी वर, माझ्याकडे, पाहिले. त्यांच्या चेहऱ्याकडे मला पाहवेना. पण बटणांचे डोळे मिटता येत नाहीत.

पुढच्या वर्षी नगरपालिकेचे अधिकारी म्हणाले, सराव करायचा तर पोशाखाशिवाय करा, तो पोशाख लोकांना आता सहन होणार नाही, जाळून टाका. ओइकावा-सान सगळ्यांपुढे वाकले आणि म्हणाले, "एकदाच घालू द्या. या वेळी नीट करतो."

तोमे-सान यांनी माझी उसवलेली बाही शिवली. "पडताना जपून हो," त्या म्हणाल्या.

"लगेच पडणार नाही," ते म्हणाले.

गर्दी आली होती. या वर्षी कठड्याला बारीक जाळी बसली होती. पुढच्या गजापाशी पेंढा भरलेली एक बाहुली ठेवली होती, लहान मुलाएवढी. डॉक्टरांनी सुई मारली. सुई माझ्या पाठीत लागली. लोक गिरकीची वाट पाहू लागले.

आम्ही पडलो नाही. आम्ही वळलो आणि बाहुलीकडे गेलो. ओइकावा-सान यांनी तिला माझ्या पंजाने उचलले आणि आपटले. मग पुन्हा आपटले. कोणीतरी हसले, पण लगेच थांबले. भोंगा गप्प होता. डॉक्टर बंदूक खाली धरून उभ्या होत्या. सुई चढायला लागणाऱ्या त्या दहा मिनिटांत करण्यासारखे दुसरे काहीच नव्हते. आम्ही बाहुलीला फरफटत नेले, सोडले, परत धरले. आत ओइकावा-सान यांचा श्वास लागला होता. त्यांचा घाम माझ्या रजईत झिरपत होता. पेंढा वाऱ्याने लोकांच्या पायांपर्यंत उडत गेला. एक बाई तोंडावर हात ठेवून म्हणाली, "अजून किती वेळ?" फुलांवरून भांडलेला तो बागवालाही तिथे होता. त्याने टोपी काढून हातात घेतली होती.

मग आमचे पाय जड झाले. आम्ही बसलो, आणि हळूच एका कुशीवर कलंडलो. तोवर बाहुलीत पेंढा उरला नव्हता. कोणी टाळी वाजवली नाही.

ओइकावा-सान उठून नमस्कार करायला वाकले नाहीत. पडल्या पडल्याच त्यांनी माझ्या पोटावरची बटणे सोडली, रांगत माझ्यातून बाहेर आले आणि मला तिथेच जमिनीवर राहू दिले. कोहारू आईचा हात धरून मागे उभी होती. ती पुढे आली. आईने हात सोडला नाही. मुलीने पायाच्या टोकाने माझी रिकामी बाही हलवून पाहिली.

"आत कोणी नाहीये," ती म्हणाली.

"नाही," ओइकावा-सान तिच्यासमोर बसत म्हणाले. त्यांचे केस कपाळाला चिकटले होते. "हे खोटं अस्वल. यात मी असायचो, म्हणून उठायचं. कुरुमी खरी होती."

"खरं अस्वल उठत नाही?"

"नाही उठत."

मग कोहारू आईच्या कुशीत नाही, ओइकावा-सान यांच्या खांद्याशी जाऊन रडली, मोठ्याने. गर्दीतल्या कोणीही त्या वेळी फोन वर केला नाही.

मित्रांनो, मला जाळले नाही. मी पुन्हा कपाटावर आहे. उपदेश करायचा मला धीर होत नाही. पुस्तकांच्या शेजारी राहून शहाणपण येतेच असे नाही. तरी एवढे मागतो. जिथे खरा प्राणी असेल, तिथे लहानग्याचा हात सोडू नका, आणि कितीही गंमत चालली असली तरी एक डोळा त्याच्यावर ठेवा. पिंजऱ्यातल्या जिवाला खेळणे समजू नका. आणि कुणी फार कठीण काही केले असे ऐकलेत, तर त्याला नावे ठेवण्याआधी त्याच्या जागी थोडा वेळ उभे राहून पाहा. बाहुलीच्या त्या सरावात आमच्या गावाने तसे पाहिले. नंतर मेजावर फुले येतच राहिली, पण आता येणारे लोक अर्धी फुले कुरुमीसाठी ठेवतात आणि अर्धी ओइकावा-सान यांच्या हातात देतात. ते नुसते वाकतात.