ताकदीची बाटली

श्रावणातल्या त्या सकाळी गुणाजीच्या कपाळावर पुन्हा दगड आदळला. पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला दगड बांधायची मालवणकडची रीत त्यानं मुंबईतल्या नाहूरला, रुळांपलीकडच्या आपल्या भाजीच्या मळ्यात आणली होती. दगड त्यानंच बांधलेले, पण अलीकडे त्याला समोरचं दिसे, बाजूचं दिसत नसे. डोकं ठणके ते निराळंच.

त्याला मात्र घोर होता दुसऱ्याच गोष्टीचा. दाढी विरळ झालेली, अंगात त्राण नाही आणि बायकोजवळ जायची इच्छाच मेलेली. लग्नाला इतकी वर्षं होऊन पाळणा हलला नाही, त्याचा बोल बायकोवर, शेवंतीवर. सासू तिला उपास धरायला लावी, चाळीतल्या बायका ओटी भरायला तिला टाळत. ती बिचारी मुकाट सोसत होती. गुणाजीला खरं ठाऊक होतं, पण लाज आडवी येई. स्टेशनाबाहेर तंबू ठोकून बसलेल्या बुवाकडून तो ताकदीची बाटली आणी आणि लोकांपासून लपवून पिई. वर्षभर बाटल्या रिचवल्या, गुण शून्य. घोडं कुठं पेंड खातंय ते बघायची त्याची तयारी नव्हती.

शेवंतीनं पदरानं त्याचं कपाळ पुसलं आणि मोठ्या दवाखान्यात चला म्हणून धोशा लावला. तो खेकसला, डॉक्टरसमोर आपली अब्रू काढायची नाही म्हणाला आणि वर बाटली तोंडाला लावली.

शेवंती वाफ्याकडं गेली. मान टाकलेला एक वेल तिनं उपटून त्याच्यापुढं टाकला. मूळ काळं पडलं होतं.

"मूळ कुजलेल्या वेलाक तुमी कधी खत घातलात?" ती म्हणाली. "आधी उकरून बघतास मा? मगे सोताक कित्याक बघणास नाय? डोळे गेले तर काय करतलास?"

गुणाजी वेलाकडं बघत राहिला. त्याला राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. दुसऱ्या दिवशी तो शेवंतीबरोबर निघाला.

दवाखान्यात रक्त घेतलं, डोक्याचा फोटो काढला. आठवड्यानं अहवाल आले. मेंदूच्या तळाशी एक ग्रंथी असते, तिला गाठ आलीय, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पुरुषपण तिच्यामुळंच आटलं होतं आणि डोळ्यांची शीरही तीच दाबत होती. वर्षापूर्वी का आला नाहीत, असं बाई म्हणाल्या, तेव्हा त्याला मान वर करवेना. गोळ्यांनी नजर बहुतेक सुधारेल, मुलाचं मात्र आत्ताच सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी चाळीच्या नळावर बायकांची गर्दी होती. शेवंती घागर घेऊन आली, गुणाजीही बरोबर होता. राधावैनीनं नळाखाली हंडा लावत गुणाजीला विचारलं, शेवंतीला तपासून आणलं का, काय दोष निघाला. शेवंतीनं सवयीनं मान खाली घातली.

 गुणाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "दोष तिच्यात नाय, वैनी. माझ्यात आसा. औषध माका सुरू झाला."

नळाचं पाणी हंड्यावरून वाहत होतं, ते बंद करायचं कुणालाच सुचेना. शेवंती मात्र मान वर करून पुढं गेली आणि हंडा सरकवून आपली घागर नळाखाली लावली.