बाकाची खुंटी

भांडण घराघरांत असते, तुमच्याकडेही असेल. कुठे जमिनीच्या तुकड्यावरून, कुठे आईच्या बांगड्यांवरून. मोठ्या मिस्त्रीचे भांडण वडिलांच्या हत्यारांच्या पेटीवरून होते. वडिलांना मूठमाती देऊन आठवडा झाला नाही, तोच धाकट्या भावाने कुणाला न विचारता पेटी उचलली आणि रस्त्यापलीकडे स्वतःचे सुतारकाम थाटले. जुनी गिऱ्हाइकेही हळूहळू तिकडेच वळली. वडिलांच्या लाकडी हातोड्याचा आवाज मोठा मिस्त्री दिवसभर ऐके आणि दातओठ खाई.

तसा तो चर्चमधला मानाचा माणूस. मुलांना शिष्यत्वाचा धडा तोच शिकवी. प्रभूने हाक मारल्याबरोबर कोळ्यांनी जाळी जागच्या जागी सोडून दिली, हे तो अगदी रंगवून सांगे. पुढचा बाक त्यानेच आईच्या स्मरणार्थ करून दिला होता. बाकावर पितळी पाटी होती, आणि पाटीवर आईचे नाव बारीक, याचे ठसठशीत. धाकटा हल्ली नेमका त्याच बाकाच्या डाव्या टोकाला बसू लागला होता. पेटी गेली, गिऱ्हाइके गेली, आता बाकही!

शनिवारी दुपारी चर्च रिकामे असताना मिस्त्रीने बाकाच्या डाव्या पायाच्या सांध्यातली खुंटी ठोकून काढली आणि खिशात टाकली. बाक दिसायला धडधाकट, पण माणूस टेकला की पाय निसटणार. धाकटा बायकोसमोर, सासऱ्यासमोर उताणा पडणार! नुसत्या कल्पनेनेच मिस्त्रीला कितीतरी दिवसांनी सपाटून भूक लागली.

"काय चाललंय रे मोठ्या?"

दारात आत्या उभी होती, हातात पुसायचे फडके. वडिलांची ही थोरली बहीण. दोघा भावांना तिनेच अंगाखांद्यावर खेळवले होते. तिने बाकाकडे पाहिले, त्याच्या फुगलेल्या खिशाकडे पाहिले.

"ठोक ती परत."

"नाही ठोकणार. बाक माझा आहे."

"तुझा? मी तर ऐकलं, देवाला दिलास."

"देवाला दिला. त्या चोराला नाही."

"मग दिलासच कुठे? दिलेल्या बाकावर कोण बसणार, हे देणाऱ्यानं का ठरवायचं?"

"आणि त्यानं पेटी चोरली, त्याचं काय?"

"चोरलीच. तो चुकलाच, मी कुठे नाही म्हणते? पण पेटी आहे त्याच्या दुकानात आणि ओझं वाहतोयस तू. प्रभूच्या मागे चालायचं तर हात मोकळे लागतात, बाबा."

"उपदेश नको, आत्या. उद्या तो पडणार म्हणजे पडणार."

"बरं," आत्याने फडके झटकले. "मग उद्या मी लवकर येते."

या बोलण्याचा अर्थ मिस्त्रीला रविवारी कळला. गंमत नीट दिसावी म्हणून तो तिरका, मागच्या रांगेत बसला होता. आत्या काठी टेकत आली आणि सरळ पुढच्या बाकाच्या डाव्या टोकाशी जाऊन उभी राहिली. तिच्या मोडून जुळलेल्या खुब्याची गोष्ट साऱ्यांना ठाऊक होती. धाकट्याने पुढे होऊन तिचा हात धरला. "बस, आत्या."

खोटे कशाला सांगू, त्या क्षणीही मिस्त्रीने आधी धाकट्याकडेच पाहिले. तो आधी बसतो का? पण आत्याने मागे वळून मिस्त्रीकडे बघितले आणि गुडघे वाकवले.

"बसू नकोस!" मिस्त्री ओरडला. "खुंटी काढलीये. मीच काढलीये... हा पडावा म्हणून."

मिस्त्री खाली मान घालून पुढे आला, बाकापाशी गुडघ्यांवर बसला आणि खिशातली खुंटी काढली. "ठोकायला काहीतरी द्या," तो पुटपुटला.

धाकट्याचा चेहरा लाल झाला होता. आता हा हात उगारणार, असेच लोकांना वाटले. पण तो तरातरा बाहेर गेला, दुकानातून वडिलांचा हातोडा घेऊन आला आणि पुढे केला.

दांड्यावर वडिलांच्या अंगठ्याने पडलेली खोलगट जागा होती. मिस्त्रीचा अंगठा तिथे बरोबर बसला. खुंटी ठोकून झाली तरी हातोडा त्याच्या मुठीतच राहिला. आता तो परत मागणार तरी कोण? धाकटाही मागत नव्हता.

"घे," शेवटी मिस्त्री म्हणाला. "दांडा सैल झालाय. पाचर मार."

"दादा, ती पेटी..."

"पेटीही ठेव. मला आता ती वाहायची नाही."

आवाजात राग अजून होता. पण हातोडा धाकट्याच्या हातात गेला होता.

सोमवारी मिस्त्रीने पितळी पाटी स्वतःच काढली. वाचकहो, आपण दिलेल्या वस्तूंवर आपल्याही अशा पाट्या असतात, बहुतेक मनातल्या. वस्तू घट्ट धरणारी मूठच एक दिवस दुसऱ्यावर उगारली जाते. शिष्य व्हायचे असेल, तर आधी ती उघडायला हवी.

पुढच्या रविवारी आत्या मधे आणि दोन टोकांना दोघे भाऊ बसले. बसण्याआधी धाकट्याने बाक हलवून पाहिला, हे मात्र खरे.