वगळलेल्या चार ओळी

'संदर्भ द्या.' सौरवने पुन्हा तेवढेच दोन शब्द लिहून ठेवले होते. प्रेमानंद गजघाटे यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. शब्द तेच होते. आज मात्र त्यांच्यापाशी संदर्भ होता.

दीड महिना हे चालले होते. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात त्यांच्या थोरल्या भावावर लेख होता आणि पहिलीच ओळ होती, 'देवराव गजघाटे हे कॅनडाचे गणितज्ञ होते.' सकाळचा चहा झाला की प्रेमानंद तिथे 'भारतीय' करायचे. जेवणवेळेपर्यंत सौरव नावाचा, कधी न पाहिलेला माणूस दादाला पुन्हा कॅनडात नेऊन सोडायचा. नात मोनालीने लेख बदलायला शिकवला, तेव्हा तिला वाटले होते की आजोबांचा वेळ जाईल. वेळ जात होताच, सोबत झोपही चालली होती.

गंमत म्हणजे प्रेमानंदांनी स्वतः बत्तीस वर्षे सरकारी कचेरीत हेच केले होते. खिडकीशी उभा माणूस काकुळतीने सांगायचा, साहेब, हा माझाच बाप होता. हे मान वर न करता म्हणायचे, कागद आणा. आता ते खिडकीच्या बाहेर उभे होते, आणि तिथे ऊन फार लागते हे त्यांना सत्तरी उलटल्यावर कळले.

काल सक्करदऱ्यातल्या विहाराच्या अभ्यासिकेला दादाचे नाव दिले. वर्तमानपत्राचा वार्ताहर आला होता. त्याने विचारले आणि प्रेमानंदांनी सांगून टाकले की दादा शेवटपर्यंत भारताचेच नागरिक होते. आज ते छापून आले. बोलणे त्यांचेच, पण आता त्याला तारीख होती, पान क्रमांक होता. त्यांनी ते लेखाखाली जोडले आणि 'कॅनडाचे' खोडून 'भारतीय' केले.

दुपारी सौरवचे उत्तर आले. 'संदर्भ मिळाला, मी माघार घेतो. मी सरांचा विद्यार्थी. तिकडच्या नागरिकत्वाची शपथ घेतली त्या दिवशी दिवसभर जेवलो नाही, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. पण माझी आठवण हा काही संदर्भ नव्हे.'

प्रेमानंदांच्या पत्नी शेवंताबाई तांदूळ निवडत होत्या. "झालं का तुमचं भांडण?"

"झालं. जिंकलो."

"मंग तोंड काहून उतरलं?"

प्रेमानंदांनी पलंगाखालची ट्रंक ओढली. दादाची सगळी पत्रे तिच्यात होती. मायला, म्हणजे पार्वतीबाईंना, अक्षर येत नव्हते. पत्र आले की ती लुगडे सावरून भिंतीशी बसायची, प्रेमानंद वाचायचे आणि शेवटी ती एकच विचारायची, "येतो म्हणते का?"

एकोणऐंशी सालच्या पत्रात त्यांनी चार ओळी गाळल्या होत्या. 'मी आता इकडचा नागरिक झालो. आपला पासपोर्ट परत केला. इथे राहायचं तर दुसरा इलाज नव्हता. मायले सांगू नको, नाहीतर माय दाराकडे पाहणं सोडून देईल.' तेव्हा प्रेमानंद म्हणाले होते, हो माय, येतो म्हणते. पुढे बारा वर्षे, ती जाईपर्यंत, ते हेच म्हणत राहिले. दादा आला नाही. मायच्या मातीलाही आला नाही.

प्रेमानंदांना एकदम फार थकल्यासारखे झाले. एक खोटे मायसाठी बोललो, ते एक वेळ ठीक. हे कालचे कोणासाठी बोललो? त्यांनी मोबाइल घेतला, बातमीचा संदर्भ काढला आणि स्वतःच्या बोटाने 'कॅनडाचे' लिहिले.

तासाभरात तिसऱ्याच कोणीतरी ते परतवले. शेरा होता, 'संदर्भ असलेला मजकूर काढू नये.' प्रेमानंदांनी चर्चेच्या पानावर लिहिले, 'त्या बातमीत बोलणारा मीच. मी खोटे सांगितले.' उत्तर लगेच आले.

'यासाठी संदर्भ द्या.'

त्यांना हसू आले, पण ते फार टिकले नाही. त्यांनी मोबाइल उपडा ठेवला. समोर भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली मायचा फोटो होता. पत्र घेऊन ते त्याच्यापुढे सतरंजीवर बसले आणि हलक्या आवाजात वाचू लागले. त्या चार ओळींपाशी आल्यावर ते थांबले.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "कोणाशी बोलून राहिले?"

"मायले पत्र वाचून दाखवून राहिलो. थोडं राहून गेलं होतं."

शेवंताबाईंनी गॅस बंद केला. पदराला हात पुसत त्या आल्या आणि माय बसायची तशा भिंतीशी टेकून बसल्या. प्रेमानंदांनी चष्मा नीट केला आणि पत्र पुन्हा वरपासून, तारखेपासून, वाचायला घेतले.