भिंतखाईचं पान

खेळाच्या पहिल्या आवृत्तीत दोनशे चौदा राक्षस होते आणि ते सगळे एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेले. हा माणूस आधी शाळेत भूमिती शिकवायचा, म्हणून प्रकाशनात त्याला अजूनही सगळे मास्तरच म्हणत. टेबलाभोवती पाच-सहा जणांनी बसायचं, एकाने सूत्रधार होऊन गोष्ट पुढे न्यायची, बाकीच्यांनी आपापलं पात्र घेऊन फासे टाकत भुयारं आणि जंगलं पालथी घालायची, असा तो खेळ. बावीस वर्षं चालला. आता त्याची नवी आवृत्ती निघायची होती, आणि राक्षसांचं पुस्तक नव्याने लिहायचं काम जिच्या गळ्यात पडलं, तिला कचेरीत कुणी नावाने हाक मारेनासं झालं. ती राक्षसताई झाली. फोनवरसुद्धा लोक 'राक्षसताई आहेत का' म्हणून विचारायचे आणि ती 'बोलतेय' म्हणायची.

अकरा वर्षांपूर्वी ती तिथे मुद्रितं तपासायला लागली होती. मास्तरांच्या राक्षसांचे आकडे तिला तोंडपाठ होते. पण पुस्तक पाठ असणं वेगळं आणि ते टेबलावर चालताना पाहणं वेगळं, म्हणून काम हातात येताच ती धाकट्या बहिणीकडे गेली. धाकटी नर्स होती. दर रविवारी दुपारी तिच्या जेवणाच्या टेबलावर हॉस्पिटलातली मंडळी जमायची: एक्स-रे काढणारा, रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर आणि चौकशीच्या खिडकीवर बसणारी बाई. सूत्रधार अर्थातच धाकटी. राक्षसताई वही घेऊन कोपऱ्यात बसली. एक शब्द बोलायचा नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

पाऊण तासात भिंतखाई आली. ही मास्तरांची सगळ्यांत गाजलेली राक्षसीण. जुन्या इमारतींच्या भिंतीत राहते, ओला हात बाहेर काढते आणि माणसाला आत ओढून घेते. नियम एका ओळीचा: वीस बाजूंचा फासा टाका, दहाच्या खाली पडला तर पात्र संपलं. खिडकीवरच्या बाईंचा फासा तीनवर थांबला. आठवडाभर विचार करून त्यांनी आपल्या पात्राला लाल बूट आणि बोबडी मावशी दिली होती. ते सगळं बुटांसकट भिंतीत गेलं. पुढचे अडीच तास बाईंनी सगळ्यांचा चहा केला, कपबश्या विसळल्या, धाकटीच्या मुलीच्या वहीला कव्हर घातलं. इकडे धाकटीची वेगळीच तारांबळ. भिंतखाईच्या पानावर तिच्या मंत्रांची नुसती नावं होती, मंत्र दुसऱ्या पुस्तकात आणि जखमांचा तक्ता तिसऱ्यात. तिन्ही पुस्तकांत खुणेला केसांच्या पिना अडकवून ती पानं उलटत होती, आणि तोवर एक्स-रेवाला खिडकीबाहेर बघत होता.

पुढच्या रविवारी खिडकीवरच्या बाई आल्या नाहीत. पाहुणे आलेत, असा निरोप आला.

राक्षसताईने वहीत लिहिलं: राक्षसाने पात्र खावं, माणसाचा रविवार खाऊ नये.

पानाची मांडणी सुधारणं त्या मानाने सोपं गेलं. एका राक्षसाचं जे काही आहे ते एकाच पानावर, दुसरं पुस्तक उघडायचं काम नाही. राक्षस आल्याआल्या पहिल्यांदा जे करतो ते सगळ्यांत वर. पूर्वी चित्रकार राक्षसाला पांढऱ्या कागदावर एकटाच उभा करायची, पासपोर्टचा फोटो काढावा तसा. आता तिने प्रत्येकाला त्याच्या जागी आणि त्याच्या उद्योगात दाखवायला घेतलं. मास्तर रोज दहा पानं तपासायचे आणि लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करायचे. भिंतखाईच्या पानावर मात्र पेन्सिल थांबली. नियमापुढे राक्षसताईने फक्त 'बदलायचा' असं लिहिलं होतं.

मास्तर चिडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि शांतपणे तिला समजावलं. बावीस वर्षं लोक त्यांना पत्रं लिहीत होते, आणि निम्म्या पत्रांत आपलं पात्र भिंतखाईने कसं खाल्लं हेच असायचं. जिंकल्याचं कुणी फारसं लिहीत नाही.

"भीती म्हणजे काय गं?" ते म्हणाले. "परत येता येत नाही, ती. तू दार उघडं ठेवलंस की उरला नुसता खेळ."

"मास्तर, तो खेळच आहे."

"तुला त्याहून चांगलं काही सुचलं तर दाखव. महिनाअखेर पानं छापायला जातात. तोवर नाही सुचलं, तर माझा नियम आहे तसा जाईल."

एवढं बोलून त्यांनी पुढचं पान उचललं. राक्षसताईच्या हातात चार रविवार होते. पहिलं काम तिने हे केलं, की खिडकीवरच्या बाईंना स्वतः जाऊन भेटली. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. आठवड्याचे सहा दिवस मी लोकांना सांगते, बसा, तुमचा नंबर येईल, त्या म्हणाल्या. सातव्या दिवशी मला स्वतःला बसून राहायचं नाही. राक्षसताईने हात जोडले आणि चार रविवार मागून घेतले.

पहिल्या रविवारी तिने गिळणं काढूनच टाकलं आणि भिंतखाईला दणकट हात दिला. तीन फेऱ्यांत मंडळींनी तिचा भुगा केला. नुसतीच जोरात मारणारी आहे, ड्रायव्हर म्हणाला, असे आपल्याकडे तीस आहेत. दुसऱ्या रविवारी तिने मातीची भिंत, दगडी भिंत, लाकडी भिंत असा अर्ध्या पानाचा तक्ता आणला. धाकटीने तो वाचून खाली ठेवला.

"ताई, एवढे तक्ते मी ड्युटीवर भरते."

त्या आठवड्यात राक्षसताईने सतरा वेळा पान लिहिलं आणि सतरा वेळा खोडलं. चित्रकार म्हणाली की जाऊ दे, दोनशे तेरा तर मार्गी लागलेत. पण सोडून देणं तिच्या रक्तात नव्हतं. मुद्रितं तपासताना एका स्वल्पविरामासाठी छपाई थांबवणारी बाई ती. तिसऱ्या रविवारी तिने गिळण्याचे टप्पे पाडून आणले: आधी मनगट, मग कंबर, मग गळा आणि मग अख्खं पात्र. मधे सोबत्यांनी ओढून काढायचं. हे जमल्यासारखं वाटलं. पण अडकलेल्याने करायचं काय? पुन्हा फासा टाकत बसायचं. राक्षसताईने बाईंकडे पाहिलं. त्यांचं पात्र कंबरेपर्यंत भिंतीत होतं आणि त्या गप्प होत्या. आता या कपबश्या गोळा करणार, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात बाईंनी धाकटीला विचारलं, "मी भिंतीत आहे ना? मग पलीकडच्या खोलीतलं मला ऐकू येतं का?"

धाकटीने पुस्तकात पाहिलं. पुस्तकात काही नव्हतं. तिने बहिणीकडे पाहिलं. आणि महिनाभर तोंडाला कुलूप लावून बसलेली राक्षसताई खुर्चीवरून उठत म्हणाली, "येतं. सगळं ऐकू येतं."

पुढचा आठवडा तिने त्या एका प्रश्नावर काढला. मनगट अडकलं की पलीकडची पावलं कळतात. कंबर गेली की बोलणं ऐकू येतं. गळ्यापर्यंत गेलं की पलीकडचं दिसतं. जितकं खोल, तितकं जास्त कळणार आणि तितकंच सुटणं कठीण. पूर्ण आत गेलेल्यासाठी तिने शेवटी एक ओळ घातली: एका दिवसात भिंत फोडली, तर पात्र वाचतं.

चौथ्या रविवारी मास्तर स्वतः आले. चष्म्याच्या डबीत त्यांनी आपले फासे आणले होते. सूत्रधाराची सोडून दुसऱ्या खुर्चीवर ते कित्येक वर्षांत बसले नव्हते, आणि पहिला अर्धा तास ते धाकटीला मधूनमधून दुरुस्त करत राहिले. मग भिंतखाईने त्यांचं मनगट धरलं आणि ते गप्प झाले. पलीकडे पावलं होती. पुढच्या फेरीत कंबर गेली. ड्रायव्हर त्यांना ओढायला निघाला.

"थांबा जरा," मास्तर म्हणाले. "काय बोलतायत ते ऐकू द्या."

गळ्यापर्यंत गेल्यावर त्यांना दिसलं की मंडळी ज्या दाराने आत घुसणार होती, त्याच्या मागे जमीनच नाही. ते त्यांनी ओरडून सांगितलं. आता तरी बाहेर या, असं तिघांनीही विनवलं. पण दुसरं दार कुठे आहे ते मास्तरांना पाहायचं होतं. आणखी एक फेरी, ते म्हणाले, आणि फासा टाकला. चार पडला.

बाईंनी हात तोंडावर ठेवला होता. धाकटी भिंत फोडण्याची ओळ वाचायला लागली, तसा मास्तरांनी तिला हाताने थांबवलं आणि ते राक्षसताईकडे वळले.

"एवढी ओळ काढ. मी माझ्या पायांनी गेलोय. मला परत आणू नकोस."

राक्षसताईला आधी वाटलं की जुनंच दुखणं पुन्हा वर आलं. मग तिने स्वतःशी कबूल केलं, की ती ओळ तिने लोक रागावतील या भीतीने लिहिली होती. तिने मास्तरांना उत्तर न देता खिडकीवरच्या बाईंना विचारलं. बाईंनी विचार केला. म्हणाल्या, "मी स्वतःहून थांबले तर चालेल. मला कुणी बसवून ठेवायचं नाही."

"ओळ काढते," राक्षसताई मास्तरांना म्हणाली. "पण तुम्ही खुर्चीवरून उठायचं नाही. पात्र गेलं. आता त्या इमारतीच्या भिंतींमधून तुमचा आवाज येत राहणार, खेळ संपेपर्यंत."

मास्तरांनी चष्मा पुसला. मग खिशातून लाल पेन्सिल काढून त्यांनी पानावर खूण केली आणि घसा खाकरून, खोल आवाजात एक्स-रेवाल्याला डावीकडे वळायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत ते भिंत होऊन बोलत राहिले. एकदा तर त्यांनी मंडळींना मुद्दाम चुकीची वाट दाखवली आणि ड्रायव्हरने त्यांच्याशी खरोखरचं भांडण काढलं.

सोमवारी सकाळी राक्षसताईने भिंतखाईचं पान छापायला पाठवलं. त्याबरोबर एक चिठ्ठीही दिली, की आणखी सहा पानं आठ दिवस थांबवा. एका फाशात माणसाला घरी बसवणारे आणखी सहा राक्षस तिने यादीत शोधून काढले होते. छपाईवाले कुरकुरले. मास्तरांनी चिठ्ठीखाली सही केली. पहिला राक्षस होता तो नुसत्या स्पर्शाने आठ दिवसांची झोप लावणारा. तिने त्याचं पान समोर ओढलं, झोपेची ओळ खोडली आणि बाजूला लिहिलं: झोपलेल्याला काय दिसतं?