अत्वूकीचं कूळ

किबालेच्या जंगलात वीस वर्षं हत्तींच्या मागावर चालणाऱ्या कुगोन्झाला नुसत्या शेणाच्या वासावरून हत्तीचा स्वभाव कळायचा. निदान तो स्वतः तसं शपथेवर सांगायचा. त्याचं डोकं फिरवलं ते कचेरीच्या एका कागदानं. हत्ती दोन जातींचे, असं विद्वानांनी ठरवलं होतं: वनहत्ती आणि माळहत्ती. वनहत्ती इथंच राहणार, माळहत्तींना ट्रकात चढवून दक्षिणेच्या गवताळ रानात सोडणार. प्रत्येकापुढे दोनपैकी एका चौकोनात खूण करा.

बाकीच्यांचं उरकलं. घोडं अडलं त्याच्या लाडक्या म्हाताऱ्या हत्तिणीपाशी. कान वनहत्तीसारखे गोल, सुळे माळहत्तीसारखे वाकडे. ही गेली तर आपण मागं चालायचं कुणाच्या, या काळजीनं त्याला उकडलेली केळीसुद्धा गिळवेनात.

तपासणीला आलेल्या तरुण बाईंना सगळे अड्येरी म्हणत. त्यांनी शेण तपासलं. आईकडून वनहत्तीण, बापाकडून माळहत्तीण.

"मग झालं की, अमूती," त्या कुगोन्झाला म्हणाल्या. "आपल्यात लेकरू बापाच्या कुळाचं. माळहत्तीण लिहा."

"बाप पाहिलाय कुणी? वाढवली जंगलानं."

"मग वनहत्तीण लिहा."

"आणि साहेबांनी सुळे बघितले म्हणजे? म्हणतील, म्हाताऱ्याला दिसेनासं झालं."

त्यानं कागद उलटासुलटा करून पाहिला. खाली एक ओळ होती: नाव. टोरोच्या या मुलखात लाडाच्या नावावाचून माणूस नसतो. भेटल्याबरोबर आधी तेच विचारायचं, मग बाकीचं. नावं ठरलेली दहा-बाराच, तीच साऱ्यांत वाटलेली; कुगोन्झाचं अमूती. हत्तिणीलाही कुगोन्झानं त्यातलं एक कधीच देऊन टाकलं होतं. एवढं एकच आपल्याला पक्कं ठाऊक आहे म्हणून त्यानं तिथं 'अत्वूकी' लिहिलं, वरचे दोन्ही चौकोन कोरे ठेवले आणि कागद धाडला.

महिन्यानं राजधानीहून उत्तर आलं. 'अत्वूकी' ही हत्तींची तिसरी जात आमच्या यादीत नाही, सबब हलवण्याचा नियम तिला लागू होत नाही. पुढील हुकमापर्यंत जिथं आहे तिथंच ठेवावी. आपल्या भागात अत्वूकी एकूण किती, ते ताबडतोब कळवावं.

कुगोन्झानं पत्र तीनदा वाचलं. हत्तीण राहिली हे कळलं, का राहिली ते काही कळेना. अड्येरी तर हसून हसून बाकावर आडव्या झाल्या होत्या.

"खरं तेच कळवा," त्या कशाबशा म्हणाल्या.

त्यानं कळवलं: हत्तीण एक, हेडमास्तर एक, सुइणी दोन, माझी सासू आणि तुमच्या फाटकावरचा पहारेकरी. मग पेन थांबलं.

"अड्येरी, यातलं माळावरचं कोण, ते विचारतील का गं आता?"