डाव्या बाजूचे दोन दात

ख्वाजामियाँनी वरची कवळी काढून बशीत ठेवली आणि बिगूल ओठाला लावला. गाल फुगले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांत पाणी आलं. बिगुलातून नुसती हवा आली. सायकलच्या ट्यूबमधून जाते तशी.

"बघितलं?" त्यांनी बिगूल मांडीवर घेतला. "ओठाच्या मागं भिंत लागते बेटा. दात म्हणजे भिंत. माझी पडली."

समोर सतरंजीवर बसलेली वंदना हलली नाही.

"कवळी लावून वाजवा."

त्यांनी कवळी लावली. एक सूर निघाला. दुसऱ्याला कवळी सटकून बिगुलाच्या तोंडावर खट्कन आपटली. आत भाकरी थापणारी त्यांची बायको शकीला हसली. मग आपण कशावर हसलो ते तिच्या ध्यानात आलं, आणि तिनं थापायचा आवाज उगाच मोठा केला.

वंदनाचा नवरा भागवत हा पोलीस मुख्यालयातला एकुलता एक बिगुलर. दर एकवीस ऑक्टोबरला, देशभरात कामावर मेलेल्या पोलिसांची नावं मैदानावर वाचून झाली की लास्ट पोस्ट ही निरोपाची धून तोच वाजवायचा. तेरा वर्षं वाजवली. ख्वाजामियाँनीच त्याला शिकवलं आणि रिटायर होताना आपली जागा त्याच्या हवाली केली. फेब्रुवारीत माणसं कमी पडली, म्हणून बिगुलरला नाकाबंदीला उभं केलं, शहागडच्या पुलाच्या अलीकडं. भर दुपारी वाळूनं भरलेला एक हायवा ट्रक आला. ड्रायव्हरनं भागवतनं केलेला हात बघितला आणि ब्रेकवर ठेवायचा पाय दुसरीकडं ठेवला. वाळू नदीतून शहराकडं जाते, घरं बांधायला. माणसं त्या घरांत राहायला जातात आणि पूजा घालतात. असो.

तर यंदा यादीत भागवतचंच नाव होतं, आणि त्याच्यासाठी वाजवायला कोणी नव्हतं. त्याची जागा भरलेली नव्हती. पेन ड्राइव्ह मात्र भरून तयार होता.

"त्या पेन ड्राइव्हमधला बिगूल कोणाचा असंल, चाचा?" वंदनानं विचारलं.

"असंल कोणी दिल्लीकडचा. चांगलाच वाजवत असंल."

"चांगला असंल. पर भागवत कोण, हे त्याला ठावं न्हाई."

ख्वाजामियाँ बिगुलाला पडलेला पोचा अंगठ्यानं चोळत राहिले.

"ह्यांचीच रेकॉर्डिंग असती तर ती लावा म्हणले असते," वंदना म्हणाली. "समद्यांला विचारलं. एकाकडं न्हाई."

नसणारच. लास्ट पोस्ट सुरू झाली की मैदान गोठतं. साहेबांचा हात टोपीला, जवानांच्या माना खाली, पाहुणे सावधान. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही, तिथं खिशातून मोबाईल कोण काढणार? तेरा वर्षं शेकडो माणसांनी ऐकलं आणि कोणाकडंच ते उरलं नाही.

"आत्या दरसाल तीर्थपुरीहून येतेत ऐकायला. यंदा काय सांगू त्येंला? तुमच्या पोराला डब्यातून वाजवून राह्यलेत म्हणून?"

भागवतच्या आईचं, सोनूबाईचं नाव निघालं तसे ख्वाजामियाँ खाली बघायला लागले. पंधरा वर्षांपूर्वी ती बाई याच सतरंजीवर बसली होती. पोरगं नवीन भरती झालं होतं आणि तिला भीती वाटत होती. तेव्हा तेच तिला म्हणाले होते, माझ्या हाताखाली देऊन टाक. बिगुलरला कोणी बंदोबस्ताला लावत नाही. हा बिलकुल मैदानातच राहील, फुंकत.

"चार दिवस आहेत," ते म्हणाले. "बघतो."

चार दिवस कादराबादच्या त्या गल्लीनं सहन केले. सकाळी सातला ख्वाजामियाँ गच्चीवर जायचे आणि आवाज सुरू व्हायचा. तो बिगुलाचा होता असं छातीवर हात ठेवून कोणी सांगितलं नसतं. पहिल्या दिवशी शेजारच्यानं खालून विचारलं, "चाचा, बकरी व्याली का?" दुसऱ्या दिवशी त्याला कारण कळलं. तिसऱ्या दिवसापासून तो सातच्या आधीच दुकानावर जाऊ लागला.

शकीला जिन्यात उभी राहून बोलायची.

"फूंक फूंक को मरते क्या अब?"

"पानी ला."

ती मिठाचं कोमट पाणी आणायची आणि ते गुळण्या करेपर्यंत तांब्या धरून उभी राहायची. ओठ फुटला तेव्हा बोटानं तूप लावलं, आणि लावता लावता बडबडतच राहिली.

तिसऱ्या दिवशी त्यांना सापडलं. वरच्या बाजूला, डावीकडं, सुळा आणि त्याच्या शेजारची दाढ एवढे दोनच दात त्यांचे स्वतःचे उरले होते. बिगूल मधोमध न धरता डाव्या कोपऱ्याला टेकवला की मागं तेवढी भिंत मिळत होती. तोंड वाकडं व्हायचं. पण खालचे सूर भरून यायचे. वरचा सूर फाटायचा. दहातून दोनदा लागायचा, आठदा फाटायचा.

रंगीत तालमीच्या दिवशी ते वंदनाला घेऊन निरीक्षक साहेबांपुढं उभे राहिले. साहेब माणूस वाईट नव्हता. खुर्च्या किती, मंडप कुठवर, पुष्पचक्रं कोणाची कोणत्या क्रमानं, एवढं सगळं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर होतं. तरी त्यानं ऐकून घेतलं, वाजवायला सांगितलं. ख्वाजामियाँनी वाजवलं. वरचा सूर फाटला. दोन जवानांनी एकमेकांकडं बघितलं.

"चाचा, तुमच्याबद्दल आदर आहे," साहेब म्हणाले. "पण मोठे साहेब असतात, मंत्री असतात, टीव्हीवाले असतात. तिथं असं फाटलं तर?"

"बराबर आहे साब."

साहेबांनी वंदनाकडं बघितलं, मग मैदानाकडं.

"एक करू. स्मारकाच्या बाजूला तुम्ही उभे राहा. काळा कोट, छातीवर मेडलं. बिगूल ओठाला लावायचा. आवाज स्पीकरचा. मी मान हलवली की भारत बटण दाबेल, तुम्ही बिगूल उचलायचा. लोकांना वाटेल तुम्हीच वाजवताय. फोटोलाही बरं दिसतं."

मंडपवाल्याचा पोरगा भारत लॅपटॉपमागं उभा होता. त्यानं वायरी आवरायला घेतल्या.

"जी साब," ख्वाजामियाँ म्हणाले.

फाटकाबाहेर येईपर्यंत वंदना पुढं चालत राहिली. मग थांबली.

"तुम्ही हो म्हणले?"

"चौतीस वर्षं म्हणलो बेटा. तोंडाला सवय आहे."

"म्हंजी ते खोटं वाजवणार, तुम्ही खोटं फुंकणार, अन् आम्ही खुर्चीत बसून खरं रडायचं?"

रस्त्यावरून जाणाऱ्या दोन बायका थबकल्या. वंदनाला फिकीर नव्हती.

"जिता व्हता तव्हा चमकणारं जाकीट मागितलं तर स्टॉकमधी न्हाई म्हणले. आता पुष्पचक्र बराबर टायमाला येतंय. काळा कोट बी येतोय. समदं येतंय, चाचा. एक खरं तेवढं येईना."

"बेटा..."

"मी न्हाई येणार. आत्याला बसवा त्या खुर्चीत, शाल घाला, काढा फोटो."

ती रिक्षा न बघता चालायला लागली. ख्वाजामियाँनी हाक मारली नाही. बराच वेळ ते फाटकाशी उभे होते. पहाऱ्यावरच्या जवानानं शेवटी त्यांना खुर्ची आणून दिली.

एकवीस तारखेला वंदना आली. यावंच लागलं. सोनूबाई आदल्या दिवशीच तीर्थपुरीहून येऊन थडकली होती आणि तिला एवढ्या साहेबांमध्ये एकटीला बसायची भीती वाटत होती. दोघी पहिल्या रांगेत बसल्या. सोनूबाईनं नवं लुगडं नेसलं होतं, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या.

"ते ख्वाजाभाऊच हायेत न्हवं?" तिनं स्मारकाकडं बोट केलं. "वळखूच आले न्हाईत कोटात. ते वाजवणार व्हय?"

"हातात धरून उभे राहणारेत."

"अन् वाजवणार कोण?"

वंदनानं स्मारकाकडं बघितलंच नाही.

नावं वाचायला सुरुवात झाली. दूरदूरच्या राज्यांची माणसं, न ऐकलेली आडनावं. वाचणारा अधिकारी प्रत्येक नावाशी प्रामाणिकपणे झगडत होता. कोणी गोळीनं गेलेलं, कोणी पुरात, कोणी गाडीखाली. यादीत ते लिहीत नाहीत. यादीत सगळे सारखे. महाराष्ट्र आला, आणि भागवतचं नाव बापाच्या नावासकट, मच्छिंद्रसकट, मैदानावरून गेलं. सोनूबाईनं गुडघ्यावरचा पदर सारखा केला. नाव थांबलं नाही, पुढचं आलं.

मग सगळे उठले.

"परेड, शोक शस्त्र!"

बंदुका उलट्या झाल्या, माना खाली गेल्या. मोठ्या साहेबांचा हात टोपीला गेला. निरीक्षक साहेबांचाही जाणार होता. पण त्याआधी त्यांना भारतकडं बघून मान हलवायची होती. मध्ये एका श्वासाची जागा असते. बिगुलरला ती जागा माहीत असते, कारण ती त्याच्यासाठीच ठेवलेली असते.

ख्वाजामियाँनी त्या जागेत बिगूल उचलला, डाव्या कोपऱ्याला टेकवला आणि फुंकला.

पहिला सूर खालचा होता. भरून आला.

निरीक्षक साहेबांचा हात आपोआप टोपीला गेला. आता तो तिथून हलणार नव्हता. मान हलणार नव्हती. बिगूल वाजतोय आणि मैदान सावधान आहे. पालकमंत्री असो, टीव्हीवाला असो, त्याला थांबवायला हात उचलील असा माणूस त्या मैदानावर त्या घडीला एकही नव्हता. साहेबांचे फक्त डोळे फिरले, भारतकडं. भारतचं बोट बटणावर होतं. त्यानं ते काढून घेतलं, हात मांडीला लावले आणि तोही ताठ झाला.

वंदनानं आता बघितलं. तोंड वाकडं झालेला, एका गालानं फुगलेला म्हातारा, कोट खांद्यावर ढगळ.

सूर चढायला लागला आणि फाटला.

ख्वाजामियाँ थांबले. श्वास घेतला, मैदान एवढं गप्प होतं की तो मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. पुढं जाता आलं असतं. ते गेले नाहीत. तिथूनच परत धरलं. परत फाटलं. तिसऱ्यांदा लागलं, पुरतं नाही, कडेनं, पण लागलं, आणि मग ते पुढं गेले. दिल्लीवाल्याला लागला असता त्याच्या दुप्पट वेळ लागला. मोठ्या साहेबांचा टोपीला लावलेला हात शेवटी शेवटी थरथरायला लागला. खाली मात्र आला नाही.

शेवटचा सूर संपला तेव्हा ख्वाजामियाँच्या हनुवटीवर रक्ताची एक बारीक रेघ होती. त्यांनी ती पुसली नाही. बिगूल मांडीशी घेतला आणि ताठ उभे राहिले.

दोन मिनिटांची शांतता सुरू झाली. दूर औरंगाबाद रस्त्यावर एक ट्रक गेला.

सोनूबाईला शांतता पाळायची असते हे माहीत होतं. पण तिच्या मनात आलेलं तिला आवरेना. ती सुनेकडं न बघता, समोर बघतच बोलली. हळू बोलली, म्हणजे तिच्या मानानं हळू. पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं आणि तिला गप्प करायला कोणाला हलता येत नव्हतं.

"वंदे, तू आल्ती कुठं तव्हा. नवा नवा शिकत व्हता न भागवत, सुट्टीत घरी आल्यावर बांधावर उभा राहून वाजवायचा. अस्संच फाटायचं. म्हशीनं चार दिस दूध दिलं न्हाई."

वंदनाला हसू आलं. फेब्रुवारीपासून पहिल्यांदाच आलं. हसायचं नव्हतं, हलायचं नव्हतं, डोळे पुसायला हातही वर न्यायचा नव्हता. ती हसू ओठांत धरून सावधान उभी राहिली, दोन मिनिटं पुरी होईपर्यंत.