मला भोक पाडा!

मी एकेकाळची पाच लिटरची कॅन. मित्रांनो, वय फारसं नाही. पण माणसं पुरती पाहून झाली आहेत. गरम प्लास्टिकमध्ये हवा फुंकून मला घडवलं आणि कपाशीवर फवारायचं औषध माझ्यात भरलं. दर्यापूरकडे त्याला सगळे औषधच म्हणतात.

शेतकरी खुशालरावांकडे आधी माझा केवढा मान! उंच फळीवर, लेकरांपासून दूर. रिकामी झाले तशी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर पडले. तिथून त्यांच्या बायकोनं, मैनाबाईंनी उचललं. चांगली वस्तू वाया गेलेली त्यांना बघवत नाही. झाकण घट्ट, मूठ मजबूत! राखेनं तीनदा घासलं, वास घेतला आणि पाणी भरून शेतात तण निंदणाऱ्या बायांकडे नेलं.

माझा जीव वरखाली होऊ लागला. मी चकचकीत दिसत होते, पण औषध माझ्या अंगात मुरलेलं. ते हळूहळू पाण्यात उतरत होतं. त्यांतल्या इंदूबाईंनी गिलास पुढे केला, तो भरलाही. मला तोंड होतं, आवाज नव्हता.

तेवढ्यात मैनाबाईंची रश्मी आली. ती अमरावतीला रसायनशास्त्र शिकते.

"काकू, थांबा! आई, याच्यात पानी कावून भरलं वं?"

"तीनदा धुतली ना! अन् औषधाचीच तं व्हय."

"कोनाच्या दुखन्यावरचं औषध?"

"अळीच्या!" इंदूबाई म्हणाल्या. बाया खदखदल्या.

"मंग त्याले विष म्हन अन् दे काकूले. म्हन, 'इंदूबाई, विषाच्या कॅनीतलं पानी घ्या.'"

मैनाबाईंनी तोंड उघडलं. "इंदूबाई..." पुढचं येईना. त्यांनी गिलास हिसकावला आणि सगळं पाणी ओतून टाकलं.

रश्मीनं विळ्याच्या टोकानं माझ्या पोटाला तीन भोकं पाडली.

"चांगल्या कॅनीची वाट लावली पोरीनं!" खुशालराव हळहळले. माझा मात्र जीव भांड्यात पडला.

पुढे रिकाम्या कॅनी गोळा करणाऱ्यांनी मला नेलं. अकोल्यात माझे तुकडे झाले, धुऊन वितळवले, विजेच्या तारा घालायची नळी झाली. आता मी जठारपेठेतल्या एका भिंतीत आहे. माझ्यातून कुणी पिणार नाही. तरी चैन नाही. माझ्या कितीतरी बहिणींत आज पाणी आहे, तेल आहे, कुठं तूरडाळ आहे.

मित्रांनो, घरी जाऊन मोरीजवळ बघा. लेबल निघालेली, घासून लख्ख केलेली एखादी सापडेल. तिला आणखी धुऊ नका. ती भोकाची वाट बघते आहे.